श्रीमंत सयाजीराव महाराज आणि हाताचे शिक्षण

दरवर्षी ११ मार्चला सकाळी मी काळ्या घोड्यापाशी जाऊन येतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा जिथे आहे त्या जागेला सारे बडोदे काळा घोडाच म्हणते. त्या दिवशी पुतळ्याला हार पडतात, जवळपासच्या एखाद्या सभागृहात दोन-चार भाषणे होतात आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण, वाचनालये, न्यायमंदिर, बँक अशी महाराजांच्या कार्याची यादी वाचली जाते. या यादीत कलाभवनाचे नाव येते, पण बहुधा शेवटी, आणि तेही घाईघाईने.

यंदा ते नाव माझ्या मनात अडकून राहिले, त्याचे कारण घरगुती आहे. माझा नातू दहावी झाला. गुण वाईट नाहीत. पण पुढे विज्ञान शाखेला न जाता आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकायचे, असे त्याने एके रात्री जेवताना सांगितले, आणि पानावरचा भात तसाच राहिला. आमच्या घराण्याने चार पिढ्या लेखणी चालवली. पणजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. तेव्हा मुलाच्या हाती कानस यावी हे घरातल्या वडीलधाऱ्यांना कसे रुचावे? माझे मत विचारले गेले. मी म्हटले, आठ दिवस द्या. ते आठ दिवस मी महाराजांचे चरित्र नव्याने चाळण्यात घालवले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तिथे शेती करून राहत असे. त्या घरात काशीरावांच्या पोटी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलाला अक्षरओळख नव्हती. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा पाहून पाहून आणि हात घालून जे शिकतो तेवढेच त्याचे शिक्षण.

१८७५ साली इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि कवळाण्याची मुले बडोद्यास आणण्यात आली. तुम्ही कशासाठी आलात असे प्रत्येकाला विचारले असता गोपाळरावांनी, राज्य करायला आलो, असे बेधडक सांगितले, ही आख्यायिका बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात लहानपणीच कानी पडते. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि गोपाळरावांचे सयाजीराव झाले.

आख्यायिका इथे संपते, पण माझ्या दृष्टीने खरी कथा इथूनच सुरू होते. राज्य करायला आलेल्या मुलाला वाचता येत नव्हते. पुढची सहा वर्षे त्याने जे केले त्याला आपल्याकडे उमेदवारी असा जुना आणि नेमका शब्द आहे. सुताराचा उमेदवार पहिल्या दिवशी पालखी घडवत नाही. तो लाकूड ओळखायला शिकतो, मग रंधा धरायला, मग उस्तादाच्या शेजारी बसून त्याचे काम पाहायला, आणि शेवटी एक लहानसे काम स्वतःच्या जबाबदारीवर करायला. महाराजांचेही तसेच झाले. एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली बाराखडीपासून आरंभ झाला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्यांना शिकाव्या लागल्या. त्याच्या जोडीला घोडदौड आणि तालीम होतीच. सरतेशेवटी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८१ साली त्यांच्यासाठी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. खजिना कसा ठेवावा, अधिकारी कसे निवडावेत, आपल्या लहरीला लगाम कसा घालावा, असे ते व्यवहाराचे पाठ होते. त्या वेळी दौलतीचा सारा गाडा माधवरावच हाकीत होते. म्हणजे उस्ताद स्वतः कामावर असताना शेजारी बसवून शिष्याला शिकवीत होता. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या महाराजांच्या हाती सर्व अधिकार आले.

आपण उशिरा शिकलो आणि कष्टाने शिकलो, ही जाणीव ज्याला असते त्याला शिक्षणाची किंमत दोन तऱ्हांनी कळते. अक्षराविना माणूस आंधळा राहतो हे त्याला कळते, आणि नुसत्या अक्षराने काम येत नाही हेही कळते. महाराजांच्या पुढच्या साऱ्या आयुष्यात या दोन्ही जाणिवा बरोबरीने चालताना दिसतात.

अधिकार हाती येताच महाराज मुलुख पाहायला निघाले. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे संस्थानचे चार प्रांत एकमेकांपासून तुटक पसरलेले. १८८५ साली पहिल्या महाराणी चिमणाबाई क्षयाने वारल्या. अतिश्रमाने महाराजांची झोप उडाली आणि प्रकृतीसाठी १८८७ साली त्यांनी पहिली विलायतयात्रा केली. पुढे अशा यात्रा वारंवार झाल्या आणि त्यावर टीकाही झाली. पण या प्रवासांत त्यांनी शाळा, कारखाने आणि वस्तुसंग्रहालये डोळसपणे पाहिली, आणि तिथे पाहिलेले पुष्कळसे बडोद्यात रुजवले.

त्या सुमारास बडोद्यात शिकलेला मुलगा म्हणजे काय, याचे उत्तर सरळ होते. शाळा, मॅट्रिक, जमल्यास १८८१ साली सुरू झालेले बडोदा कॉलेज, आणि मग कचेरी. दुसरीकडे सुतार, लोहार, साळी, रंगारी यांची मुले बापाच्या हाताखाली पिढीजात हुन्नर शिकत. पण त्यांच्या हुन्नरावर गिरणीच्या आणि परदेशी मालाच्या लाटा आदळत होत्या. ज्याच्या हाती लेखणी त्याच्या हाताला काम माहीत नाही, आणि ज्याच्या हाताला काम माहीत त्याच्या कामाला नवे ज्ञान नाही, असे हे दोन काठ होते. त्यांच्यामध्ये पूल नव्हता.

तो पूल बांधायला महाराजांना जोडीदार मिळाला तो त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या रूपाने. योगायोग असा की गज्जरांचाही जन्म १८६३ चाच. सुरतेच्या सुतार कुळात जन्मलेला हा तरुण रसायनशास्त्र शिकून बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाला होता. ज्याच्या घरात करवत आणि ज्याच्या डोक्यात रसायन, असा माणूस त्या काळात विरळाच. राजाने पैसा आणि पाठबळ दिले, प्राध्यापकाने आराखडा दिला, आणि जून १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. त्याच वर्षी लक्ष्मीविलास राजवाडाही पुरा झाला. त्या राजवाड्याच्या दरबार हॉलातील मोझेकची फरशी घालण्यासाठी व्हेनिसकडचे कारागीर आणावे लागले होते. बाहेरच्या हातांनी सजलेला राजवाडा आणि घरचे हात घडवणारी शाळा एकाच साली उभी राहिली, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते.

कलाभवनात चित्रकला होती, स्थापत्य होते, यंत्रविद्या, विणकाम आणि रंगविद्या होती. पण विषयांपेक्षा तिथली रीत महत्त्वाची होती. पहिली गोष्ट, शिकवणे देशी भाषेत. साळ्याच्या मुलाला मागाचे गणित समजण्याआधी इंग्रजी शिकावी लागू नये, हा गज्जरांचा आग्रह, आणि महाराजांचेही मत तेच. त्यासाठी शास्त्रीय विषयांवरची पुस्तके देशी भाषांत तयार करण्याचे काम संस्थानच्या खर्चाने हाती घेतले गेले. दुसरी गोष्ट, रेखांकन सर्वांना. जुना सुतार नजरेने माप घेई आणि उत्तम काम करी, पण दुसऱ्याने कागदावर काढलेली वस्तू त्याला घडवता येत नसे आणि स्वतःच्या मनातली वस्तू कागदावर दाखवता येत नसे. रेखांकन आले की कारागीर आणि इंजिनियर यांना एकमेकांची भाषा कळू लागते. तिसरी गोष्ट, वर्गातले लगेच कार्यशाळेत करून पाहायचे.

रंगविद्येचे उदाहरण माझ्या घरातले आहे. माझे आजोबा मॅट्रिकला अडखळले, म्हणून १९०५ च्या आसपास त्यांना कलाभवनात घातले. नातेवाइकांनी त्यांना मागे रंगारी म्हणायला सुरुवात केली, आणि ते कौतुकाने नव्हते. त्यांची एक वही अजून माझ्यापाशी आहे. पानापानावर कापडाचे बोटभर तुकडे चिकटवलेले, आणि त्याखाली मराठीत पाणी किती, तुरटी किती, ऊन किती वेळ, हे बारीक अक्षरात. आपल्याकडचा तांबडा रंग पूर्वी आलीच्या आणि मंजिष्ठेच्या मुळांतून निघे. त्या मुळांतले रंगद्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६९ च्या सुमारास प्रयोगशाळेत बनवले, आणि १८९७ साली तिथल्याच एका कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली. रंगाऱ्याची मुळे उकळण्याची पिढीजात विद्या पाहता पाहता निरुपयोगी झाली. डब्यातल्या नव्या भुकटीला किती तुरटी लागते, पाणी जड असेल तर काय करावे, हे बापाला ठाऊक नसल्यामुळे तो मुलाला सांगू शकत नव्हता. ते कलाभवन सांगत होते. जुना धंदा बुडत असताना त्याच धंद्यातल्या माणसाला नव्या पाण्यात पोहायला शिकवावे, ही त्यातली दृष्टी होती.

या शाळेत कोण कोण आले याची एकच साक्ष पुरे. कवळाणे ज्या नाशिक जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचा एक ब्राह्मणाचा मुलगा चित्रकला शिकण्यासाठी कलाभवनात आला. त्याने तिथला अभ्यास पुरा केला. छायाचित्रणाची विद्याही त्याला गज्जरांच्या प्रोत्साहनाने तिथेच मिळाली. हा मुलगा म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ साली राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला तेव्हा त्यामागे चित्रकला, छायाचित्रण, छपाई, देखावे बांधणे अशा दहा हुन्नरांत मुरलेला एक हात होता. एवढे हुन्नर एका माणसाच्या अंगी येतात ते बहुतेक असेच, एका दारातून दुसऱ्यात मोकळेपणाने जाता आले म्हणजे.

गज्जर १८९६ च्या सुमारास बडोदे सोडून मुंबईस गेले. तिथे चाफेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर कोणालाच निघेना, ते १८९८ साली गज्जरांच्या रसायनाने निघाले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पण त्यांचे खरे स्मारक वेगळे आहे. १९०७ साली त्यांच्या पाठबळाने कोटिभास्कर आणि अमीन या त्यांच्या शिष्यांनी अलेंबिक हा रसायनांचा उद्योग काढला, आणि बडोद्याच्या औद्योगिक भरभराटीचे एक मूळ तिथे रुजले. उद्योगाला भांडवल लागते म्हणून १९०८ साली महाराजांनी बँक ऑफ बरोडा उभी केली. त्याआधी १९०२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्‌घाटन करताना देशी उद्योगांच्या ऱ्हासाची मीमांसा त्यांनी सविस्तर केली होती. १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ साली साऱ्या संस्थानात लागू झाले. अक्षर, हुन्नर आणि भांडवल अशी ही एकावर एक चढवलेली वीट आहे. एक काढली तर भिंत टिकत नाही.

स्त्रियाही यातून सुटल्या नाहीत. दुसऱ्या महाराणी चिमणाबाईंच्या पुढाकाराने १९१४ साली स्त्री उद्योगालय निघाले. घरात बसलेल्या बाईच्या हाती चार पैसे यावेत हा त्याचा साधा हेतू होता.

इतके सारे लिहिल्यावर एक कडू गोष्ट लिहिणे भाग आहे. महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा करार होता. हीदेखील एक तऱ्हेची उमेदवारीच, संस्थानने शिकवायचे आणि शिकलेल्याने संस्थानला कामास यायचे. १९१७ साली आंबेडकर करार पाळायला बडोद्यास आले. या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कचेरीतला वागणुकीचा अनुभवही अपमानाचा होता. थोड्याच दिवसांत ते परत गेले. राजाने माणूस घडवला, पण त्याला ठेवून घेण्याइतके शहर घडले नव्हते. ते शहर म्हणजे कोण? आपल्याच वाड्यांचे आणि पोळांचे शहर. हे आपण जयंतीच्या भाषणात सांगत नाही.

कलाभवनाच्या बाबतीतही आमच्यासारख्या घरांनी तेच केले, फक्त सौम्यपणे. महाराजांची तसबीर दिवाणखान्यात लावली आणि मुलगा मात्र कचेरीत लावला. मॅट्रिकला अडखळला तर कलाभवन, असा हिशेब ठेवला. राजाने जी वाट पहिल्या पसंतीची म्हणून आखली ती आम्ही शेवटच्या पसंतीची करून टाकली.

महाराजांचे उत्तरायुष्य सुखाचे नव्हते. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे त्यांनी पुरेसे झुकून मुजरा केला नाही म्हणून गहजब झाला. थोरले चिरंजीव फत्तेसिंगराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंगराव १९२३ साली वारले. ज्यांना उत्तमातले उत्तम शिक्षण दिले ती मुले बापाच्या डोळ्यांदेखत गेली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांनी देह ठेवला आणि गादी नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे गेली. दहा वर्षांत गादीही राहिली नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या आदल्याच दिवशी महाराजांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले होते, आणि कलाभवनाचे त्यात तंत्रज्ञान व अभियांत्रिकीच्या शाखेत रूपांतर झाले. संस्थान गेले पण शाळा राहिली.

विलीनीकरणानंतर आमच्या घरांवर काय आले ते वडीलधाऱ्यांना स्मरते. १९६० साली गुजरात राज्य झाले, कारभाराची भाषा गुजराती झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या कचेरीवर जगलेली कितीतरी मराठी घरे पुण्या-मुंबईकडे निघून गेली. ज्यांच्या हाती हुन्नर होता त्यांना जावे लागले नाही. १९६५ साली कोयलीला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, आसपास रसायनांचे आणि यंत्रांचे उद्योग वाढले, आणि तिथे पाना धरणाऱ्याला कोणी भाषा विचारली नाही. आमचे घर बडोद्यात टिकले ते पणजोबांच्या लेखणीमुळे नव्हे. रंगारी म्हणून हिणवलेल्या आजोबांच्या वहीमुळे टिकले. माझे वडील त्याच विद्येवर एका गिरणीत लागले आणि मी त्या पगारावर शिकलो. हे मला ठाऊक होते, पण असे उघड मी आजवर कधी म्हटले नव्हते.

आज दिल्लीची धोरणे पाहतो तेव्हा जुनीच वाट नव्याने आखली जात आहे असे वाटते. १९६१ सालच्या कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांपाशी शिकावे असे म्हटले आहे, आणि शक्य तिथे मातृभाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. चांगले आहे. मात्र कायदा आणि धोरण शाळेच्या दारापर्यंत येते, घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. उंबऱ्याच्या आत जेवणाच्या पानावर भात निवत असतो आणि मुलगा आजोबांकडे पाहत असतो.

माझे आठ दिवस संपले तेव्हा मी घरात सर्वांना बसवले आणि ती रंगाची वही मध्ये ठेवली. पाने पिवळी पडली आहेत, पण तांबड्याचा एक तुकडा अजून टवटवीत आहे. मी फारसे बोललो नाही. सूनबाईंनी विचारले, पुढे डिप्लोमा करता येईल ना? मी म्हटले, येईल, आणि त्यापुढेही जाता येईल. मुख्य म्हणजे तोपर्यंत त्याच्या हाताला काम येत असेल. चिरंजीव गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी प्रवेशाच्या अर्जावर सही मात्र त्यांनीच केली.

पुढच्या ११ मार्चला मी पुन्हा काळ्या घोड्यापाशी जाईन. नातवाला सुट्टी असली तर त्यालाही नेईन. नसली तर तो कार्यशाळेत असेल, आणि त्या दिवशी त्याने तिथेच असावे हे अधिक बरे.